त्याच्याशिवाय पान हलत नाही

अंगानं तो एवढासाच. साध्या मजकुराची फाईल, पन्नासएक ओळींची, दोन-तीन किलोबाइटांची. मोबाइलवर काढलेल्या एका फोटोच्या जागेत असे शेकडो सहज मावतील. नाव ‘प्रॉक्सी डॉट पॅक’. कार्यालयात त्याला ओळखणारे दोघंतिघं, ते नुसतं ‘पॅक’ म्हणतात. अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्यात, एका कार्यालयाच्या मागच्या खोलीत, सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये त्याचा मुक्काम. पुढच्या खोलीत खिडकीशी रांग लागते, शिक्के उमटतात, प्रिंटर घरघरतो. तिथला प्रत्येक संगणक सकाळी सुरू झाला, की ब्राउझर आधी याची प्रत आपल्याकडे मागवून घेतो आणि मग दिवसभर, बाहेरचं कुठलंही पान उघडण्यापूर्वी, तिलाच विचारत राहतो. त्याच्याशिवाय तिथं खरोखर पान हलत नाही.

त्याला विचारला जाणारा प्रश्न एकच : या पत्त्यावर जायचंय, कुठून जाऊ? त्याची उत्तरंही ठरलेली. एक तर ‘डायरेक्ट’, म्हणजे थेट जा, मध्ये कुणाला विचारू नको. नाही तर ‘प्रॉक्सी’, आणि त्यापुढे मधल्या सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट. बहुधा ३१२८ किंवा ८०८०. कधी तो दोन-तीन उत्तरं ओळीनं देतो : आधी या प्रॉक्सीकडे जा, तिथं दार बंद असेल तर त्या दुसऱ्याकडे, तीही नसेल तर थेट. एवढं सांगून तो गप्प होतो. पान आणणं त्याचं काम नाही. पानात काय आहे हे त्याला कधीच कळत नाही.

वाण प्रकल्पाच्या कालव्यावरचा पाटकरी ज्यांनी पाहिलाय त्यांना हा लगेच ओळखू येईल. धरण वारीला, पाणी हनुमान सागराचं, पीक शेतकऱ्याचं. पाटकऱ्याच्या मालकीचं त्यातलं काहीच नाही. कुणाच्या पाळीला कोणती चारी उघडायची, एवढंच त्याच्या हाती. पण चारी चुकीची उघडली गेली, तर धरण तुडुंब असूनही शेत कोरडं राहतं. पॅकचं अगदी तसंच आहे. लाईन सुरू असते, वेबसाइट सुरू असते, संगणक ठणठणीत असतो. मधली वाट चुकली की सगळं असून काही मिळत नाही.

त्याचं घराणं इंटरनेटच्या मानानं जुनं. कार्यालयांचं अंतर्गत जाळं बाहेरच्या जगापासून सुरक्षित ठेवायचं आणि तरी आतल्या माणसांना वेब वापरू द्यायचं, म्हणून वेब प्रॉक्सीची कल्पना पुढे आली. १९९४ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वर्ल्ड वाइड वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथं आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी या प्रॉक्सींवर निबंध मांडला. प्रॉक्सी आली आणि लगेच नवी अडचण उभी राहिली. शंभर संगणकांवर तिचा पत्ता हातानं लिहायचा, आणि पत्ता बदलला की पुन्हा शंभर टेबलांवर फिरायचं. नेटस्केपनं १९९६ मध्ये त्यावर तोड काढली : वाट सांगणारी एकच फाईल एका जागी ठेवायची आणि प्रत्येक ब्राउझरला फक्त त्या जागेचा पत्ता द्यायचा. ती फाईल म्हणजे पॅक. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगममार्फत मिळू लागलं होतं. म्हणजे हा जन्मला तेव्हा आपल्याकडे इंटरनेटला जेमतेम वर्ष होत होतं.

तालुक्याच्या गावात तो पोचला तो सरकारी जाळ्यांच्या काळात. केंद्र सरकारनं मार्च २००५ मध्ये स्टेट वाइड एरिया नेटवर्कची योजना मंजूर केली. राज्याचं मुख्यालय, तिथून जिल्हा, तिथून तालुका अशी साखळी, आणि जोडणी किमान दोन एमबीपीएसची. आज घरात एक सिनेमा बघायलाही जी कमी पडेल, तेवढ्या लाईनीवर अख्खी कार्यालयं चालत. तेव्हा मधली प्रॉक्सी हा मोठा आधार होता. एकानं उघडलेलं पान ती जपून ठेवी आणि दुसऱ्यानं मागितलं की बाहेर न जाता जवळचंच देई. आता बहुतेक सगळ्या वेबसाइटी एचटीटीपीएसवर गेल्या. बंद पाकिटातला मजकूर प्रॉक्सीला दिसतही नाही, मग साठवणार काय? तरी ती राहिली, कारण कोण कुठं गेलं याची नोंद, कुठं जायचं नाही याचा बंदोबस्त, ही कामं तिच्याकडे आहेत. आणि ती आहे तोवर पॅकही आहे.

त्याच्या पोटात एकदा डोकावून बघावं. नोटपॅडमध्ये उघडला की वरच फंक्शनचं नाव दिसतं, ‘फाइंडप्रॉक्सीफॉरयूआरएल’. त्याखाली एकाखाली एक अटी. पहिली अट सांगते, नावात एकही टिंब नसेल तर ते आपल्याच घरातलं यंत्र, थेट जा. दुसरी सांगते, पत्ता १९२.१६८ नं सुरू होत असेल तरी थेट. तो प्रिंटर असेल, स्कॅनर असेल, शेजारच्या टेबलावरचा संगणक असेल. तिसरीत विभागाच्या अंतर्गत वेबसाइटींची नावं. चौथीत एक पत्ता एकटाच, आणि वर कुणीतरी रोमन लिपीत मराठी टीप टाकलेली : जुना नियम, काढू नये. का काढू नये, ते लिहिलेलं नाही. ज्या यंत्रासाठी तो नियम होता ते कधीच भंगारात गेलं, पण नियम इमानानं उभा आहे. शेवटच्या ओळीत उरलेल्या सगळ्या जगासाठी एकच उत्तर : प्रॉक्सीकडे जा.

या अटींचा क्रम म्हणजे त्याचा स्वभाव. तो वरून खाली वाचतो आणि जी अट पहिल्यांदा जुळेल तिथंच उत्तर देऊन मोकळा होतो. खाली अधिक नेमका नियम असला तरी तिथवर जात नाही. म्हणून ‘उरलेलं सगळं’ ही ओळ चुकून मधे सरकली, तर तिच्या खालचे नियम असून नसल्यासारखे. मग प्रिंटर हाताच्या अंतरावर असतो आणि त्याच्या सेटिंगचं पान मागायला ब्राउझर अकोल्याकडच्या प्रॉक्सीला गाठायला निघतो. त्या प्रॉक्सीला या खोलीतला प्रिंटर कसा सापडणार? स्क्रीनवर चूक दाखवली जाते आणि बिचाऱ्या प्रिंटरची केबल बदलली जाते.

त्याला एक गोष्ट अजिबात सोसत नाही, ती म्हणजे लिहिण्यातली हयगय. एक महिरपी कंस राहिला, की तो संपूर्ण निकामी. अर्धा चालला, अर्धा थांबला असं नाही. नियम व्हॉट्सॲपवर पाठवून तिथून उचलून चिकटवले, तर सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं होण्याचा धोका. माणसाच्या डोळ्याला फरक दिसत नाही, त्याला मात्र त्या खुणा परक्या वाटतात. नोटपॅडमध्ये जपून ठेवताना शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ लागतं आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं. आपल्याला ‘प्रॉक्सी डॉट पॅक’ दिसतं, सर्व्हरला ‘प्रॉक्सी डॉट पॅक डॉट टीएक्सटी’. आणि असं काही बिघडलं, तर तो ओरडत नाही. फाईल मिळाली नाही किंवा वाचता आली नाही, तर बहुतेक ब्राउझर मुकाट्यानं थेट जायला बघतात. जिथं फायरवॉलनं थेट वाट बंद केलेली असते, तिथं मग नुसतं चक्र फिरत राहतं. प्रॉक्सी सापडली नाही असा संदेश आला असता तर बरं झालं असतं, निदान दिशा कळली असती.

या मुक्यापणाचा सगळा भार खिडकीवर येतो. जून-जुलै म्हणजे तेल्हाऱ्यात शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचे दाखले आणि पीक विम्याचे अर्ज एकाच वेळी. हिवरखेड, अडगाव, पंचगव्हाण, दानापूर, बेलखेडहून माणसं सकाळच्या गाडीनं येतात. पेरणीचे दिवस, एकेक दिवस मोलाचा. अशाच एका दुपारी ऑपरेटर मॅडमनी हाक मारली, “भाऊ, नेट चालून नाही रायलं. कालपर्यंत तं चांगलं होतं.” खिडकीबाहेरून एक जण म्हणाला, “मॅडम, आज भेटन का दाखला? दानापूरवरून आलो म्या. पोराच्या ॲडमिशनची उद्या शेवटची तारीख हाय.”

नेट गेलं म्हटलं की हात आधी राउटरकडे जातो. तो बंद करून सुरू केला जातो, मग स्विच, मग केबल. त्या दुपारी हे सगळं जागेवर होतं. पिंगला उत्तर येत होतं. कोपऱ्यातल्या एका संगणकावर फायरफॉक्समध्ये पानं उघडत होती, बाकी सगळ्यांवर क्रोम फिरत बसला होता. खूण तिथंच होती. क्रोम आणि एज विंडोजच्या प्रॉक्सी सेटिंगवर चालतात, फायरफॉक्सला मात्र स्वतःची वेगळी सेटिंग ठेवता येते, आणि त्या कोपऱ्यातल्या यंत्रात प्रॉक्सीचा पत्ता कधीतरी हातानं भरलेला होता. म्हणजे प्रॉक्सी जिवंत होती. तिच्याकडे जाणारी वाट सांगणाराच सापडत नव्हता.

अशा वेळी त्याच्या दारावर थेट थाप मारावी. विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्कखाली प्रॉक्सीचं पान असतं. तिथं ‘यूज सेटअप स्क्रिप्ट’समोर जो पत्ता लिहिलेला असेल, तोच उचलून ब्राउझरच्या पट्टीत टाकायचा. पॅक घरी असेल तर फाईल लगेच डाउनलोड होते किंवा तिच्या ओळी स्क्रीनवर दिसतात. चूक दाखवणारं पान आलं, तर दुखणं कुठं आहे ते कळलं. त्या दुपारी काहीच आलं नाही. मे महिन्याच्या उन्हापासून जुना सर्व्हर कुरकुरत होता, नुकताच त्याच्या जागी दुसरा आला होता, आणि त्याला आयपी क्रमांक नवा मिळाला होता. पॅकसुद्धा नव्या सर्व्हरवर नीट आणून ठेवलेला होता. पण प्रत्येक टेबलावर त्याचा पत्ता जुन्या क्रमांकानं लिहिलेला. संगणकांच्या जवळच्या प्रतींवर काही काळ निभावलं, त्या जशा जुन्या होत गेल्या तशी एकेक खिडकी बंद पडली. नवीन सर्व्हरला जुना क्रमांकही जोडून दिला आणि ब्राउझर बंद करून उघडले, तशी पानं यायला लागली. दानापूरचे ते गृहस्थ दाखला घेऊनच परतले. पुढे पत्त्यात क्रमांकाऐवजी नाव घातलं, म्हणजे यंत्र बदललं तरी डीएनएसमध्ये, नाव-क्रमांकांच्या यादीत, एकाच ठिकाणी दुरुस्ती पुरते.

त्याचं म्हणणं सगळेच ऐकतात असंही नाही. विंडोजच्या पार्श्वभूमीला चालणाऱ्या सेवांचा विनएचटीटीपी नावाचा वेगळा मार्ग असतो; ब्राउझर छान चालतो आणि अपडेट मात्र येत नाहीत, याचं कारण पुष्कळदा तिथं सापडतं. कमांडच्या काळ्या खिडकीत ‘नेटश विनएचटीटीपी शो प्रॉक्सी’ असं विचारलं, की तिथली स्थिती दिसते. जावावर चालणाऱ्या जुन्या प्रणालींची सेटिंग जावाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये. शिवाय विंडोजमधली ही नोंद साधारणपणे प्रत्येक वापरकर्त्यापुरती असते. एकाच संगणकावर सकाळच्या बाईंच्या लॉगिनमध्ये पानं उघडतात आणि दुपारच्या साहेबांच्या लॉगिनमध्ये उघडत नाहीत, ते यामुळे. यंत्राला दोष देण्यापूर्वी कोणाच्या नावानं आत शिरलोय, हे पाहिलं पाहिजे.

त्याचा संथपणाही समजून घ्यावा. एखादा पत्ता अमुक मालिकेतला आहे का, अशी अट घातली, तर नावाचा आयपी क्रमांक काढायला त्याला डीएनएसकडे जावं लागतं. डीएनएस सुस्त असेल तर प्रत्येक पानाआधी तो थबकतो आणि लोक म्हणतात, नेट स्लो आहे. असे प्रश्न शक्यतो खाली ठेवावेत, नावावरून निकाल लागणाऱ्या अटी आधी लिहाव्यात. एवढी फिरवाफिरव केली तरी तो झपाट्यानं उत्तरं देऊ लागतो.

इथवर त्याच्या कुरबुरी झाल्या. त्याच्या बाबतीतली खरी काळजीची गोष्ट पुढे आहे. तो कुठं राहतो हे ज्याला विचारलं जातं, तो कोण? १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट, सन, इंकटोमी आणि रियलनेटवर्क्स यांच्या माणसांनी मिळून डब्ल्यूपॅड नावाची रीत मांडली, आणि इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत ती आली. तिच्यात टेबलावर पत्ताही लिहायचा नाही. ‘ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज’ एवढं सुरू ठेवायचं. संगणक आधी आयपी क्रमांक वाटणाऱ्या डीएचसीपीला २५२ क्रमांकाचा पर्याय विचारतो, तिथं उत्तर नाही मिळालं तर डीएनएसमध्ये ‘डब्ल्यूपॅड’ नावाचं यंत्र शोधतो, आणि जो कुणी ‘मीच तो’ म्हणेल त्याच्याकडून फाईल घेतो. विंडोजमध्ये ही खूण मुळातच सुरू असते.

विश्वास ठेवायचा तो कुणावर, हे न विचारता ठेवलेला हा विश्वास. त्याचा गैरफायदा घेतला गेला. संगणक कार्यालयाच्या डोमेनमध्ये ‘डब्ल्यूपॅड’ सापडला नाही की वरच्या डोमेनमध्ये शोधत जात, आणि तिथं परका माणूस ते नाव घेऊन बसू शके. न्यूझीलंडमध्ये हे दाखवलं गेल्यावर मायक्रोसॉफ्टनं डिसेंबर २००७ मध्ये इशारा प्रसिद्ध केला. २०१२ मध्ये उघडकीला आलेल्या ‘फ्लेम’ या हेरगिरीच्या प्रोग्रॅमनं आतल्या जाळ्यात स्वतःला डब्ल्यूपॅड म्हणवून शेजारच्या संगणकांची विंडोज अपडेटची वाट स्वतःकडे वळवली होती. मे २०१६ मध्ये अमेरिकेच्या यूएस-सर्टनंही नव्या टॉप-लेव्हल डोमेनांमुळे ‘डब्ल्यूपॅड’ची चौकशी जाळ्याबाहेर गळण्याबद्दल सावध केलं. ज्याच्या हाती वाट सांगणं आहे, त्याच्या हाती प्रवासही जातो. पान एचटीटीपीएसच्या बंद पाकिटात नसेल, तर दाखल्यासाठी आलेल्या माणसाचं उत्पन्न, जात, खातं, आधार क्रमांक यांना हात लावायला ही एक वाट पुरते.

म्हणून ज्या कार्यालयात पॅकचा पत्ता ठरलेला आहे, तिथं तो नाव घेऊन, एचटीटीपीएसवरून, स्पष्ट लिहावा आणि आपोआप शोधण्याची खूण बंद करावी. जिथं प्रॉक्सीच नाही, तिथं तर ती सुरू ठेवण्यात काहीच अर्थ नाही. उलट पहिलं पान उघडायला उगाच उशीर. घरी नेल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर हे आधी करावं, कारण बसस्टँडवरच्या किंवा लॉजच्या वायफायमध्ये तो संगणक हाच प्रश्न अनोळखी माणसांना विचारत फिरतो.

पॅकनं काही मागितलं नाही. त्याला पगार नाही, वेगळं यंत्र नाही, हजारोंचं लायसन नाही. त्याला हवा आहे तो त्याची खबर ठेवणारा माणूस, आणि एका रजिस्टरमध्ये चार नोंदी : तो कुठल्या सर्व्हरवर राहतो, टेबलांवर त्याचा पत्ता काय लिहिलाय, शेवटचा बदल कधी आणि कशासाठी झाला, आधीची प्रत कुठं आहे. प्रत्येक नियमावर कारण लिहिलेलं असावं, म्हणजे ‘काढू नये’ एवढ्यावर पुढच्या माणसाला अडून राहावं लागणार नाही. ज्यानं लिहिलं त्याची बदली होते, कंत्राट संपतं, नवा मुलगा येतो. त्याला सुरुवात राउटर बंद-चालू करण्यापासून करावी लागू नये.

आपोआप चालणाऱ्या गोष्टीला मालक लागत नाही, हा समज तालुक्याच्या गावाला महाग पडतो. मुंबई-पुण्याच्या कार्यालयात बिघाड झाला तर वरच्या मजल्यावरून कुणी उतरतं. इथं अकोल्याहून माणूस येईपर्यंत खिडकी बंद राहते आणि रांगेतल्या माणसाची मजुरी बुडते. गावनकाशावर पांदण रस्ता दाखवलेला असतो, कारण वाटेचा वाद झाला की माणसाचं शेत पडीक राहतं. आता शेतकऱ्याचा दाखला, विमा, सातबारा या पन्नास ओळींच्या वाटेनं येतो-जातो. तिची नोंद ठेवणं हेही तेवढंच सरकारी काम आहे, आणि ते करायला एक वही आणि एक जबाबदार नाव, एवढंच पुरेसं आहे.